फिलर बदलला की क्युअर बदलतो: रबरात नव्याने येणाऱ्यांसाठी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या मोल्डिंग युनिटमध्ये मी लागलो, त्या पहिल्याच पावसाळ्यातली ही गोष्ट. गिऱ्हाइकाला कपाटाच्या पायांखाली लावायचे बफर पांढरे हवे होते, काळ्यांचे फरशीवर ओरखडे उठत होते. मी फॉर्म्युल्यातून ४० भाग कार्बन ब्लॅक काढला, त्याच्या जागी ४० भाग प्रेसिपिटेटेड सिलिका टाकली. गंधक, त्याचे काम वेगाने करवणारा ॲक्सलरेटर, झिंक ऑक्साइड सगळे होते तसेच ठेवले. १५० अंश सेल्सिअसला १० मिनिटे, नेहमीप्रमाणे. प्रेस उघडली, बफर काढला, थंड होऊ दिला आणि अंगठ्याचे नख दाबले. खूण उमटली ती तशीच राहिली. कापून पाहिला तर आत सुईच्या टोकाएवढी भोके. प्रेसवरचे काका तीस वर्षे हेच काम करत होते. त्यांनी तो तुकडा हातात फिरवला आणि म्हणाले, "पिकलं नाही रे हे. पावडर बदललीस, मग पिकायची वेळ तीच कशी राहील?"

कॉलेजात मी व्हल्कनायझेशन, म्हणजे गंधक आणि उष्णतेने रबर पिकवणे, ज्याला आम्ही क्युअर म्हणतो, ते शिकलो होतो, फिलरही शिकलो होतो, पण दोन वेगवेगळ्या धड्यांत. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध, हे कुणी सांगितले नव्हते. आता दरवर्षी डिप्लोमा करून नवी मुले-मुली आमच्याकडे येतात आणि त्यांचीही गाडी तिथेच अडते, म्हणून हे लिहून ठेवतो आहे. तुमच्याकडे एक छोटी टू-रोल मिल, एक हायड्रॉलिक प्रेस आणि एक हार्डनेस मीटर असेल, तर यातले बहुतेक सगळे तुम्ही स्वतः करून पाहू शकता.

पायरी १: 'भर' हा शब्द डोक्यातून काढा

फिलर म्हणजे भर घालायची, किंमत उतरवायची पावडर, असा समज घेऊनच माणूस या धंद्यात येतो. खडूच्या पावडरीच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. पण १९०४ साली इंग्लंडमध्ये सिल्व्हरटाउनला कार्बन ब्लॅक घातल्याने रबर मजबूत होते हे लक्षात आले आणि तेव्हापासून फिलर हा रबराचा भागीदार झाला. त्याआधीचे टायर झिंक ऑक्साइडमुळे पांढुरके असत.

या भागीदाराबद्दल तीन गोष्टी माहीत हव्यात: कण किती बारीक, कणांची साखळी किती फाटेफुटी, आणि कणाच्या अंगावर रसायन काय.

बारीकपणा आधी घेऊ. कार्बन ब्लॅकच्या ग्रेडमधला पहिला आकडा हेच सांगतो. एन११० चा मूळ कण २० नॅनोमीटरच्या आत, एन२२० चा २० ते २५, एन३३० चा २६ ते ३०, एन५५० चा ४० ते ४८, एन६६० चा ४९ ते ६०, आणि एन९९० चा २०० च्या वर. आकडा लहान म्हणजे कण लहान, आणि कण लहान म्हणजे एका ग्रॅमला पृष्ठफळ जास्त. दळलेल्या खडूचा कण मायक्रोमीटरमध्ये मोजायचा, म्हणजे एन३३० च्या शंभरपट किंवा त्याहून मोठा.

पृष्ठफळाने काय होते हे मुलांना मी सेव-उसळीवरून सांगतो. बडोद्यात राहणाऱ्याला ते लगेच पटते. सारख्याच रश्शाच्या दोन वाट्यांत एकीत जाडी सेव आणि दुसरीत तेवढ्याच वजनाची बारीक सेव टाका. बारीक सेवेची वाटी बघता बघता कोरडी पडते. रस्सा आटलेला नसतो, सेवेने ओढून घेतलेला असतो. रबरात तो रस्सा म्हणजे तुमचा ॲक्सलरेटर. फॉर्म्युल्यात तो लिहिलेला असतो, बॅचमध्ये घातलेलाही असतो, पण फिलरने अंगाला लावून घेतला की गंधकाला मदत करायला तो उरत नाही.

दुसरी गोष्ट साखळीची, धंद्यातल्या भाषेत स्ट्रक्चर. कार्बन ब्लॅकचे कण सुटे नसतात, भट्टीतच एकमेकांना चिकटून द्राक्षाच्या घडासारखे गुच्छ झालेले असतात. गुच्छ जितका फाटेफुटी तितके जास्त रबर त्याच्या खाचांत अडकते. ते अडकलेले रबर ताणाला फारशी साथ देत नाही, म्हणून कंपाउंड कडक होते. एन५५० चा कण एन३३० पेक्षा मोठा असूनही त्याचे स्ट्रक्चर जास्त आहे. एक्स्ट्रूजनला एन५५० चांगला चालतो, पट्टी गुळगुळीत निघते, फुगत नाही, ते यामुळेच.

तिसरी गोष्ट अंगावरच्या रसायनाची, आणि क्युअरिंगच्या बाबतीत हीच सगळ्यात मोठी. ग्रेडच्या आधीचे 'एन' हे अक्षर आपण रोज म्हणतो, पण त्याचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो. एन म्हणजे नॉर्मल, नेहमीच्या गतीने क्युअर होणारा. 'एस'ने सुरू होणाऱ्याही ग्रेड आहेत, एस म्हणजे स्लो. जुन्या चॅनेल पद्धतीने बनलेल्या ब्लॅकचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो, त्याने क्युअर मंदावतो. आजचे फर्नेस ब्लॅक बहुतेक किंचित अल्कधर्मी असतात, त्यांनी क्युअर थोडा लवकर सुरू होतो. म्हणजे कार्बन ब्लॅकची ग्रेड ठरवणाऱ्यांनी नावाचे पहिलेच अक्षर क्युअरिंगला दिले आहे.

पायरी २: आधी बिनफिलरचे रबर पिकवून पाहा

नवे लोक ही पायरी हमखास गाळतात. काहीही तपासायच्या आधी फिलर न घातलेली एक बॅच करा. याला गम कंपाउंड म्हणतात. सुरुवातीला हा फॉर्म्युला पुरे:

नैसर्गिक रबर १००, झिंक ऑक्साइड ५, स्टिअरिक ॲसिड २, अँटिऑक्सिडंट १, सीबीएस (हा ॲक्सलरेटर) १, गंधक २.२.

आकडे रबराच्या १०० भागांमागे आहेत, यालाच आपण पीएचआर म्हणतो. पुढच्या सगळ्या बॅचमध्ये हे असेच ठेवायचे आणि फक्त फिलर बदलायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम सोपा वाटतो, पण मिलवर उभे राहिले की तो पाळणे अवघड जाते. थोडे तेल वाढवू का, गंधक अर्धा भाग वर घेऊ का, असा मोह होतो. या मालिकेत तो मोह टाळा.

पायरी ३: वजनाने नाही, आकारमानाने तुलना करा

५० भाग कार्बन ब्लॅक आणि ५० भाग खडू यांची तुलना करून 'खडू निकामी' असा निष्कर्ष काढलेला मी अनेकांच्या वहीत पाहिला आहे. तराजूवर दोन्ही सारखे असतात, पण रबराच्या आत जागा सारखी व्यापत नाहीत. नैसर्गिक रबराची घनता ०.९३ आहे, कार्बन ब्लॅकची १.८, प्रेसिपिटेटेड सिलिकाची २.०, चायना क्लेची २.६ आणि खडूची २.७.

एकदा हाताने हिशेब करून बघा. १०० भाग रबर भागिले ०.९३ म्हणजे १०७.५ घनफळ. ५० भाग ब्लॅक भागिले १.८ म्हणजे २७.८. ब्लॅकचा आकारमानातला वाटा झाला साधारण २०.५ टक्के. ५० भाग खडू भागिले २.७ म्हणजे १८.५, त्याचा वाटा १४.७ टक्केच. ब्लॅकएवढी जागा व्यापायला खडू ७५ भाग लागेल.

या वाट्यावरून कडकपणाचा अंदाज बांधायला एक जुने समीकरण आहे. द्रवात तरंगणाऱ्या कणांसाठी आइनस्टाइनने मांडलेला विचार गुथ आणि गोल्ड यांनी १९३८ साली पुढे नेला. गम कंपाउंडच्या मॉड्युलसला, म्हणजे ताणाला होणाऱ्या विरोधाला, कशाने गुणायचे? १ अधिक २.५ गुणिले वाटा अधिक १४.१ गुणिले वाट्याचा वर्ग. वाटा ०.२०५ धरला तर १ + ०.५१ + ०.५९, म्हणजे २.१ पट. खडूच्या ०.१४७ ला १.७ पट. खडूच्या बाबतीत प्रत्यक्ष आकडा याच्या आसपास येतो. ब्लॅकच्या बाबतीत तो याच्या बराच वर जातो, कारण गुच्छांत अडकलेले रबर आणि पृष्ठभागाला बांधलेले रबर या हिशेबात धरलेले नाही. हा जो वरचा फरक आहे, तीच रिइन्फोर्समेंट.

रोजच्या कामाला आणखी सोपा आडाखा आहे. नैसर्गिक रबराचा हार्डनेस ४० शोअर ए (हे हार्डनेस मीटरचे माप) धरा. एन३३० किंवा एन५५० च्या दर २ भागांना १ पॉइंट वाढवा, हार्ड क्लेच्या दर ४ भागांना १, खडूच्या दर ७ भागांना १, आणि तेलाच्या दर २ भागांना १ वजा करा. ५० भाग एन३३० आणि ५ भाग तेल म्हणजे ६२-६३ च्या जवळपास. प्रत्यक्ष मोजलेला हार्डनेस यापेक्षा पाच-सात पॉइंटांनी खाली आला, तर क्युअर कमी पडला अशी शंका घ्या.

पायरी ४: मिलवर

हे कागदावर शिकता येत नाही, पण क्रम सांगतो. निप, म्हणजे दोन रोलमधली फट, बारीक ठेवून रबर मऊ करा, रोलवर एकसंध पट्टा बसला की झिंक ऑक्साइड आणि स्टिअरिक ॲसिड घाला. मग फिलर थोडा थोडा, तेल असेल तर त्याच्याबरोबर. दर थोड्या वेळाने पट्टा तिरका कापून उलटवा. गंधक आणि ॲक्सलरेटर सगळ्यात शेवटी, शीट जरा थंड झाल्यावर.

शेवटी का? बारीक फिलर रबरात शिरताना घर्षण खूप होते. एन२२० ची बॅच एन६६० पेक्षा चांगलीच गरम निघते, हात लावला तरी कळते. गंधक आधी घातला असेल तर मिलवरच क्युअर सुरू होतो आणि शीटवर खडबडीत गाठी उठतात. याला स्कॉर्च म्हणतात. स्कॉर्च झालेला माल परत मऊ होत नाही. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२ च्या पुढे जातो आणि रोलमधून फिरणारे टाकीचे पाणीच कोमट असते. जानेवारीत बिनघोर चालणारे कंपाउंड तेव्हा मिलवर पकडायला लागते. म्हणून बारीक ग्रेडच्या बॅच आम्ही उन्हाळ्यात सकाळी लवकर काढतो.

फिलर नीट पसरला की नाही हे बघायला नवे रेझर ब्लेड घ्या आणि शीटचा तुकडा एकाच झटक्यात कापा. काप भिंगाखाली धरा. सगळीकडे सारखी चकाकी असेल तर ठीक. बारीक दाणे किंवा खड्डे दिसले तर कणांचे ढेकूळ फुटलेले नाहीत. असे एकच ढेकूळ ताणाच्या चाचणीत तुकडा अर्ध्यावर तोडते, आणि आपण दोष क्युअरिंगला देत बसतो. मी स्वतः दोन आठवडे असा भलताच शोध घेतलेला आहे.

मास्क लावा. कार्बन ब्लॅक आणि सिलिका, दोन्हींची धूळ छातीत जाऊ देऊ नका. धूळ ओढणारा पंखा बंद असेल तर बॅच थांबवा.

तयार शीट रात्रभर, शक्य असेल तर २४ तास, झाकून ठेवा आणि मगच तपासा.

पायरी ५: क्युअरचा आलेख काढा, आणि त्यावर लगेच विश्वास ठेवू नका

एमडीआर नावाचे यंत्र साधारण ५ ग्रॅमचा तुकडा दोन गरम डायमध्ये दाबते, अर्ध्या अंशाने हलवत राहते आणि किती जोर लागतो ते वेळेनुसार नोंदवते. तुमच्याकडे यंत्र नसेल तर बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. आलेखावर चार आकडे वाचायचे. एमएल म्हणजे सगळ्यात कमी टॉर्क, कच्च्या कंपाउंडचा घट्टपणा. एमएच म्हणजे सगळ्यात जास्त. टीएस-२ म्हणजे एमएलच्या वर टॉर्क २ एककांनी चढायला लागलेला वेळ, तुमची मोल्ड भरायची मुदत. टीसी-९० म्हणजे ९० टक्के क्युअर व्हायचा वेळ. समजा एमएल २ आणि एमएच १२ आहे. फरक १०, त्याचे ९० टक्के ९, म्हणजे टॉर्क ११ ला पोचतो ती वेळ टीसी-९०. शंभराला टीसी-९० वजा टीएस-२ ने भागले की क्युअर रेट इंडेक्स मिळतो, म्हणजे चढ किती खडा आहे ते कळते.

आता इथे जरा थांबून वाचा. फिलर वाढवत नेलात की एमएच आणि एमएलमधला फरक वाढतो. पुस्तकात लिहिलेले असते की हा फरक म्हणजे क्रॉसलिंकची, म्हणजे रबराच्या साखळ्यांना जोडणाऱ्या बंधांची, घनता. मग फिलरने क्रॉसलिंक वाढवले का? बहुतेक वेळा नाही. वरचे गुथ-गोल्ड आठवा. कण स्वतः ताणले जात नाहीत, त्यामुळे सगळा ताण मधल्या रबरावर पडतो आणि तेवढ्याच क्रॉसलिंकना जास्त टॉर्क दिसतो. हीच गडबड टीएस-२ मध्येही होते. गम कंपाउंडमध्ये २ एककांची चढण यायला जेवढे बंध लागतात, त्याच्या निम्म्यातच भरलेले कंपाउंड २ एकके चढते. म्हणून ब्लॅक वाढवला की स्कॉर्चचा वेळ कमी दिसतो. त्यात काही भाग खरा असतो, पृष्ठभागाने क्युअर लवकर सुरू केलेला, आणि काही भाग नुसता मोजण्यातून आलेला.

हे दोन वेगळे करायचे तर तुकडा टोल्युइनमध्ये फुगवा. क्युअर झालेल्या शीटचा छोटा तुकडा तोला, झाकणाच्या बाटलीत ७२ तास ठेवा, बाहेर काढून टिपकागदाने पुसा आणि लगेच तोला. मग वाळवून पुन्हा तोला. टोल्युइन फक्त रबरात शिरते, त्यामुळे हिशेब तुकड्याच्या पूर्ण वजनावर करायचा नाही, त्यातल्या रबराच्या वजनावर करायचा. रबराच्या दर ग्रॅमला जास्त टोल्युइन गेले म्हणजे बंध कमी. ब्लॅकला घट्ट चिकटलेले रबर फुगायला अडते, तर खडूजवळचे रबर फुगताना सुटते आणि मधल्या पोकळीत द्रव भरतो, म्हणून निकाल थोडे इकडे-तिकडे होतात. तरीही एमडीआरवर 'छान' दिसणारे पण आतून कमी पिकलेले कंपाउंड ही चाचणी उघडे पाडते. टोल्युइनची वाफ चांगली नाही, हे काम खिडकीपाशी किंवा फ्यूम हूडखालीच करा.

एमडीआर परवडत नसेल तर निराश होऊ नका. एकाच शीटमधून सारख्या वजनाच्या गोळ्या कापा आणि १५० अंशांना ४, ६, ८, १०, १२, १५, २० मिनिटे अशा वेगवेगळ्या पिकवा. दुसऱ्या दिवशी हार्डनेस मोजून वहीत आलेख काढा. जिथे तो चढायचा थांबतो ती तुमची वेळ. नैसर्गिक रबरात त्यापुढे फार वेळ ठेवले तर हार्डनेस पुन्हा उतरू लागतो, त्याला रिव्हर्जन म्हणतात. काका आयुष्यभर याच पद्धतीने काम करत आले आणि त्यांचा अंदाज क्वचितच चुकला.

पायरी ६: प्रत्येक फिलरचा स्वभाव आणि त्यावरचा उपाय

फर्नेस ब्लॅक सगळ्यात सरळ. बारीक ग्रेडकडे गेलात की स्कॉर्चची मुदत कमी होते, एवढे लक्षात ठेवा. सीबीएस किंवा टीबीबीएससारखे उशिरा कामाला लागणारे ॲक्सलरेटर याच कारणासाठी धंद्यात रुळले. तरीही मुदत कमी पडत असेल तर पीव्हीआय नावाचा रिटार्डर, म्हणजे क्युअर उशिरा सुरू करणारे रसायन, ०.१ ते ०.२ भाग घाला. ब्लॅक आपल्याला लांबून आणावा लागत नाही, भरुचच्या रस्त्यावर पालेजलाच त्याचा कारखाना आहे. पण गोणीवरची ग्रेड आणि लॉट नंबर वहीत लिहायची सवय ठेवा.

खडू क्युअरच्या भानगडीत जवळजवळ पडत नाही. दळलेला असो वा प्रेसिपिटेटेड, पृष्ठफळ कमी आणि स्वभाव किंचित अल्कधर्मी. वेळ फारशी हलत नाही, ताकद मात्र वाढत नाही.

चायना क्ले गोणीत खडूसारखीच पांढरी दिसते आणि नेमके तिथेच माणूस फसतो. कच्छकडून येणारी क्ले आणि राजस्थानची खडू पावडर आमच्या गोडाऊनमध्ये शेजारी शेजारी असत. एकदा खडूऐवजी क्लेची गोणी फोडली गेली आणि अख्खी पाळी माल मऊ निघाला. हार्ड क्ले आम्लधर्मी असते, पीएच साधारण ४.५ ते ५.५, आणि ती ॲक्सलरेटर ओढून घेते. क्ले वापरायची असेल तर ॲक्सलरेटर थोडा वाढवा किंवा डीपीजी हा अल्कधर्मी ॲक्सलरेटर जोडीला द्या. शंका आलीच तर चिमूटभर पावडरीवर पातळ आम्लाचा थेंब टाका. खडू फसफसतो, क्ले फसफसत नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक गोणी अशी तपासूनच फोडली जाते.

आता सिलिका, जिने माझे बफर कच्चे ठेवले. प्रेसिपिटेटेड सिलिकाचे पृष्ठफळ ग्रॅमला १०० ते २०० चौरस मीटर असते आणि त्या सगळ्या अंगावर सिलॅनॉल गट असतात, म्हणजे सिलिकॉनला जोडलेले ओएच. हे गट दोन बाजूंनी घात करतात. एक तर अमाइनसारखे अल्कधर्मी ॲक्सलरेटर धरून ठेवतात. दुसरे, झिंकही धरतात. क्युअरिंगमध्ये गंधकाला रबराच्या साखळीपर्यंत पोचवण्याचे काम झिंक आणि ॲक्सलरेटर मिळून करतात. सिलिका दोघांनाही बाजूला घेऊन बसते, म्हणून क्युअर मंदावतो आणि शेवटचे क्रॉसलिंकही कमी भरतात. माझ्या बफरमधली भोके त्यामुळेच होती. सिलिकामध्ये ४ ते ७ टक्के ओलावा असतो, प्रेस उघडताना रबर पुरेसे पिकलेले नसेल तर आतली वाफ त्याला फुगवते.

उपाय दोन तऱ्हेचे. पहिला, सिलिकाला दुसरे काहीतरी खायला द्यायचे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी ४०००, सिलिकाच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास घातले की ते पृष्ठभागावर जाऊन बसते आणि ॲक्सलरेटर मोकळा राहतो. डायएथिलीन ग्लायकॉलही चालते. जोडीला डीपीजी ०.५ ते १ भाग. हे पीईजी सिलिकाबरोबरच घालायचे, गंधकाबरोबर नाही. ॲक्सलरेटर येण्याआधी पृष्ठभाग भरून जायला हवा. माझे बफर शेवटी ४० भाग सिलिका, २ भाग पीईजी आणि ०.८ भाग डीपीजी यावर सुटले.

दुसरा उपाय सायलेनचा. टीईएसपीटी या सायलेनच्या रेणूचे एक टोक सिलिकाशी बांधले जाते, मधल्या गंधकाच्या साखळीतून दुसरीकडे तो रबराशी जोडला जातो. म्हणजे इथे पृष्ठभाग नुसता शांत होत नाही, रबराशी पक्का जोडला जातो. १९९२ साली मिशेलिनने कमी इंधन खाणारा टायर बाजारात आणला तो सिलिका आणि सायलेनच्या याच जोडीवर. सुमारे १७५ चौरस मीटरच्या सिलिकाला वजनाच्या ८ टक्के सायलेन लागते. मिक्सिंगचे तापमान १४० ते १५५ अंशांत काही मिनिटे राखावे लागते. त्याखाली प्रक्रिया पूर्ण होत नाही, १६० च्या वर सायलेनमधलाच गंधक सुटून रबर नीडरमध्ये, म्हणजे बंद मिक्सरमध्ये, स्कॉर्च होते. प्रक्रियेत इथेनॉल बाहेर पडते, म्हणून हवा खेळती ठेवा. उघड्या मिलवर हे तापमान धरून ठेवणे कठीण असते, त्यामुळे नीडर नसलेल्या छोट्या युनिटने पीईजीच्या वाटेनेच जावे असे माझे स्पष्ट मत आहे. अर्धवट सायलेन म्हणजे पैसे गेले आणि गुणही आले नाहीत.

पृष्ठभागाला रसायन चिकटणे हा विषय या शहराला नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले तेव्हा तिथे रंगाईचे रसायनशास्त्र शिकवले जाई, आणि कापडाला रंग का धरतो हा त्यातला मुख्य प्रश्न. आपला प्रश्न त्याच घरातला आहे.

पायरी ७: शीट पिकवा आणि गुण मोजा

२ मिलिमीटरच्या शीटला टीसी-९० अधिक एक-दोन मिनिटे पुरतात. जाड मालाला नाही. रबर उष्णता फार हळू आत नेते. कार्बन ब्लॅकने ती जरा लवकर जाते, तरी ढोबळमानाने प्रत्येक वाढीव ६ मिलिमीटर जाडीला ५ मिनिटे धरा. १० अंश तापमान वाढवले की वेळ साधारण निम्मी होते, पण जाड मालात तो मोह धरू नका. बाहेरून करपेल, आत कच्चे राहील.

मोजायचे काय? हार्डनेस, टेन्साइल (ताणून तोडायला लागणारा जोर), तुटतानाची लांबी, आणि बफर-गॅस्केटसाठी कॉम्प्रेशन सेट, म्हणजे दाबून सोडल्यावर माल किती दबलेला राहतो ते. टेन्साइल आणि हार्डनेसच्या पद्धती आयएस ३४०० च्या भाग १ आणि २ मध्ये आहेत. फिलरमुळे ताकद वाढते का हे बघायला नैसर्गिक रबर फसवे आहे, कारण ताणले की त्याच्या साखळ्या स्वतःच स्फटिकासारख्या जुळतात आणि फिलरशिवायही ते २० मेगापास्कलला पोचते. एसबीआर हे कृत्रिम रबर घ्या. नुसते एसबीआर २-३ मेगापास्कलला तुटते, ५० भाग एन३३० घातल्यावर तेच २० च्या वर जाते. ज्याला फिलरची किमया पाहायची आहे, त्याने हा प्रयोग एकदा तरी करावा.

पण वाढवत गेलो तर वाढतच जाईल असे नाही. एन३३० ची टेन्साइल ५० भागांच्या आसपास शिखर गाठते, पुढे कणांभोवती पुरेसे रबरच उरत नाही आणि ती उतरते. हार्डनेस मात्र चढतच राहतो. बारीक ब्लॅकने झीज कमी होते, पण सारखा हलणारा माल आतून जास्त तापतो. सिलिका फाटण्याला चांगला विरोध करते, आणि क्युअर कमी पडला तर कॉम्प्रेशन सेटमध्ये सगळ्यात आधी उघडी पडते. म्हणून सिलिकाच्या मालाचा सेट मोजल्याशिवाय मी गाडी भरू देत नाही.

पायरी ८: ऋतूची नोंद

जून ते सप्टेंबर सिलिकाची उघडलेली गोणी हवेतला ओलावा पीत राहते. त्याच फॉर्म्युल्याची वेळ मग जूनमध्ये एक आणि ऑगस्टमध्ये दुसरी निघते. बॅच करायच्या दिवशी १० ग्रॅम सिलिका तोला, ओव्हनमध्ये १०५ अंशांना २ तास ठेवा, पुन्हा तोला. किती घटली ते टक्क्यांत काढा आणि बॅच नंबरासमोर लिहा, त्याच ओळीत टीएस-२ आणि टीसी-९०. घट नेहमीपेक्षा जास्त असेल तर ती गोणी बाजूला ठेवा आणि नवी फोडा. उघडी गोणी आत प्लास्टिकची पिशवी घालून, सुतळीने तोंड आवळून, जमिनीवर नाही तर लाकडी पॅलेटवर.

त्या पांढऱ्या बफरांचे पान अजून माझ्या वहीत आहे. वर पहिल्या दिवसाचा कच्चा आलेख, खाली पीईजी घातल्यानंतरचा, आणि मध्ये काकांच्या हस्ताक्षरात एक ओळ: सिलिका ओली, १४ मिनिटे.